नोंद सुरू: ३ जून

३ जून
आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ठकीने निघताना बळेच हातात कोंबलेली काडेपेटीएवढी डबी. डबीत तिचा पहिला पडलेला दात आहे. आईला एकटं वाटू नये म्हणून दिलाय. बाईसाहेबांचं वय वर्षं सहा. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की ती आणि तिचा बाबा इकडेच येणार, तोवर मी खोली लावून ठेवायची. खोली छोटी आहे, पण खिडकी चांगली मोठी आहे आणि नळाला सकाळभर पाणी असतं.

ऑफिसही झकास. गुंतवणूकदारांना त्यांच्या गुंतवणुकीचे अहवाल पाठवणारा विभाग. तिसरं टेबल माझं. विभागाच्या प्रमुख मॅडम हसल्या नाहीत, पण नव्या माणसाला पाहून हसलंच पाहिजे असं कुठे आहे? शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचं नाव मी मनातल्या मनात घुम्या ठेवलंय.

६ जून
काय गौडबंगाल आहे हे! आमच्या कामात दोन प्रश्न असतात. गुंतवणूक आज केवढ्याची आहे, हा एक. त्याला चालू माहिती लागते. दोन वर्षांपूर्वी आपण गिऱ्हाइकाला काय सांगितलं होतं, हा दुसरा. त्यासाठी त्या दिवशीची माहिती जशीच्या तशी जपून ठेवावी लागते. इथे जपतच नाहीत. संगणकात प्रत्येक गोष्टीची एकच नोंद, बदल झाला की जुन्यावरच नवं लिहून मोकळे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा अहवाल उघडला तरी त्यात नावं आजची. शाळेच्या जुन्या फोटोत आजचं टक्कल दिसावं, तसं.

गंमत म्हणजे तिसऱ्या टेबलावरून गेलेल्या सगळ्या जुन्या अहवालांखाली आता माझं नाव येतं! मी घुम्याला दाखवून खो खो हसले. तो हसला नाही. उठून पाणी प्यायला गेला.

१० जून
एक म्हातारे गिऱ्हाईक आज टेबलाशी येऊन तावातावाने भांडले. चार वर्षांपूर्वी म्हणे मी त्यांना बुडीत रोखे चांगले म्हणून दाखवले. मला इथे येऊन जेमतेम आठवडा झालाय, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, तुम्हीच होतात, तेव्हा तुमचे केस लांब होते.

चार वर्षांपूर्वी माझे केस खरंच लांब होते. यांनी ते कुठे पाहिले?

मॅडमना विचारायला गेले तर त्या खेकसल्याच. इथे आज जे आहे तेच आधी होतं, फार अक्कल पाजळू नकोस, म्हणाल्या. चूक तुझ्या नावावर आहे, तूच निस्तर. सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या आणि एकानेही माझी बाजू घेतली नाही.

१३ जून
फाटकासमोर एक माणूस रोज उभा असतो. आज त्याने मला गाठलं. तिसरं टेबल आधी त्याचं होतं. चुकीचे अहवालही त्याचेच, ते त्याने मान खाली घालून कबूल केलं. पण नोकरी सोडली त्या दिवसापासून त्याची बायको त्याला घरात घेत नाही. भांडण नाही, तंटा नाही. ती त्याला ओळखतच नाही. वॉचमनने त्याला हाकललं आणि मला म्हणाला, त्या टेबलावर पहिल्यापासून तुम्हीच तर आहात, ताई.

माझी पाचावर धारण बसलीये. पण डोकं शाबूत आहे. नावावर नाव लिहिल्याने हे झालं असेल, तर त्यावरचा इलाज मला येतो.

१४ जून
केलं! कुठल्याही शहाण्या ऑफिसात असतं तसंच केलं. नोंदी दुरुस्त करायचा अधिकार आम्हा सगळ्यांना आहेच. तिसऱ्या टेबलाच्या दोन नोंदी केल्या: त्याची २ जूनला संपते, माझी ३ जूनला सुरू होते. ३ जूनच्या आधी मी नाही. आणि कुणी पुन्हा ढवळाढवळ करू नये म्हणून कायमचं कुलूप घातलं, मलासुद्धा उघडता येणार नाही असं. जुन्या माहितीशी असंच वागायचं असतं.

संध्याकाळी फाटकासमोर कुणी नव्हतं. वॉचमन म्हणाला, त्याची बायको आली होती, हाताला धरून घरी घेऊन गेली. मला आनंदाने रडूच आलं.

१५ जून
घरी फोन केला. नवऱ्याने फार अदबीने विचारलं, आपण कोण. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग ठकीने फोन घेतला. म्हणाली, काकू, आमच्याकडे आई नाहीये.

काकू म्हणाली मला.

१६ जून
ठकीचा जन्म ३ जूनच्या आधीचा. लग्नही. सगळंच आधीचं. आणि मी माझ्याच हाताने —

मॅडमच्या पाया पडले. कुलूप काढा म्हटलं, ते सगळे खोटे अहवाल माझेच म्हणा, मी भोगते. त्या पहिल्यांदाच हसल्या. आता जुनं बदलता येत नाही, म्हणाल्या, तूच शिकवलंस ना?

१७ जून
घरी जायला निघाले. तिकिटाच्या खिडकीशी उभी — गावाचं नाव आठवेना. मागचे लोक ओरडायला लागले. फोनमध्ये घरचा नंबर नाही. रोजनिशीची जानेवारीपासून २ जूनपर्यंतची पानं कोरी. मी तर रोज लिहायचे.

ठकी. सहा वर्षं. ठकी. विसरायचं नाही. ठकी.

१९ जून
ऑफिसला गेले. काम बरं चाललंय. घुम्याने विचारलं, डोळे का सुजलेत. का ते — मलाही —

२० जून
मागच्या पानावर ठकी, ठकी असं लिहिलंय. अक्षर माझंच. कोण ही —

उशीखाली एक डबी सापडली. आत दात आहे. लहान मुलाचा. मुठीत धरला आणि उगाचच रडू कोसळलं, थांबतच नाही. इतका जपून कुणी, कुणाचा —