सोसायटीच्या बोअरचा हिरवा दिवा

पुणे, १ मार्च २००३

ती. दादास, वत्सलेचा सा. न. वि. वि.

तुझ्या दूध सोसायटीच्या नव्या बोअरसाठी आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र एसटीने पाठवलंय. त्यातल्या नखाएवढ्या सेमीकंडक्टर चकतीवर उजेडाला वाट कोरली आहे. त्यात माझी चार वर्षं गेली. यंत्र चालू करून चकतीची खिडकी पाण्यात बुडव. पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर उजेड मंदावून लाल दिवा लागतो, नाहीतर हिरवा. शेजारी शेणखड्डा आहे म्हणून भीती वाटते. असं पाणी थोरांना एकवेळ चालून जातं, तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततं. उकळूनही उपयोग नसतो.

वहिनीला सांग, पोळ्या गोल येत नसल्या तरी नणंदेला एवढं जमलं. लोभ आहेच, तो वाढू दे.

वत्सला

पिंपळवस्ती, ९ मार्च

चि. वत्सलेस अनेक आशीर्वाद.

यंत्र पोचलं. तुझ्या वहिनीनं तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत बोट खिडकीवर ओढलं, सोसायटीच्या अर्जुनरावांनी नारळ फोडला, मग चालू करून बुडवलं. तीनदा बुडवलं, तीनदा हिरवा! आपली पोर लई शिकलेली हाय, असं बाया म्हणत होत्या. मला रडूच आलं.

टँकर आठ-आठ दिवस येत नाही, म्हणून लगेच बोअर सुरू केली. पहिली कळशी केसरबाईनं नेली. तिची सून ऊसतोडीला गेलीय. अशक्त म्हणून मागे ठेवलेलं तीन महिन्यांचं पोर केसरबाई भुकटीच्या दुधावर सांभाळते. आता तिची पायपीट वाचली.

माया अशीच राहू दे.

त्रिंबक

पुणे, १४ मार्च

ती. दादास सा. न.

बोअर आधी बंद कर. सोसायटीचा फोन लागत नाही, म्हणून तारही केली आहे. चालू होताना दिसेल तेवढ्या उजेडाला यंत्र शुद्ध पाणी धरतं, मग तो कुंकवाआडून आलेला का असेना. तेलकट कुंकवामुळे पाणी चकतीला शिवलंच नाही, म्हणून उजेड आणखी मंदावला नाही आणि हिरवा लागला. खिडकी स्पिरिटनं पुसून पुन्हा बघ. केसरबाईच्या नातवाचे ओठ निळसर दिसले तर तडक अंबाजोगाईच्या दवाखान्यात ने.

वहिनीला बोल लावू नकोस. आईनं माझ्या पहिल्या सायकललाही कुंकू लावलं होतं. त्याच घरात वाढूनही खिडकीला काही लावू नका, एवढं लिहायचं मला सुचलं नाही.

उत्तर लवकर दे. जीव टांगणीला लागलाय.

वत्सला

पिंपळवस्ती, १९ मार्च

चि. वत्सलेस आशीर्वाद.

तार सोळा तारखेला मिळाली. पोर चौदालाच गेलं. ओठ काळेनिळे पडले होते; दृष्ट लागली म्हणून आम्ही मीठमोहऱ्या ओवाळत बसलो.

खिडकी पुसून बुडवली. लाल. केसरबाई शेजारीच उभी होती. मंग त्या दिशी हिरवा कावून लागला, एवढंच तिनं विचारलं. बोअरला कुलूप घातलंय. तुझी वहिनी अन्नाला शिवत नाही.

सून पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ट्रकनं परत येतेय. तिला अजून काही कळवलेलं नाही. पोराला अंगडं घेतल्याचा तिचा निरोप आलाय. तिला सांगणं माझ्यानं होणार नाही. त्याआधी तू ये.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

त्रिंबक