मॅनफ्रेदोला चिखलात लोळवण्याबाबत

२३ एप्रिल १२८६, संत जॉर्जचा सण
आज जेवणावळीत शेजारचा मॅनफ्रेदो सगळ्यांदेखत म्हणाला, उबेर्तो घोड्यावर बसत नाही, पडायची वाट बघत असतो. सगळे खिदळले. पेंटेकॉस्टच्या सणाच्या भालाझुंजीत याला चिखलात लोळवला नाही तर नावाचा उबेर्तो नाही. भाट गातात त्या जुन्या राजाच्या गोलमेजाच्या वीरांसारखी शपथ घेतली: सूड उगवेपर्यंत पलंगावर झोपणार नाही. बायको म्हणाली, पाठ धरली तर मला हाक मारू नका. जिलेत्ताला शौर्यातलं काय कळतं.

२६ एप्रिल
पाठ धरली. चटईवर दोन गाद्या घातल्या. चटई म्हणजे पलंग नव्हे.

९ मे
प्रॅक्टिस. तीनदा पडलो. घोडा बेकार आहे. संध्याकाळी भाटाकडून कवनं ऐकली. त्यात एकही वीर प्रॅक्टिस करत नाही. प्रॅक्टिस बंद.

३१ मे
मॅनफ्रेदोची मुलगी आदेलासिया जेवणाच्या वेळी आली. म्हणाली, काका, एक मागायचंय. गोलमेजाचे वीर मागणं ऐकायच्या आधीच ‘दिलं’ म्हणतात. मीही छातीवर हात ठेवून म्हणालो, दिलं. मग तिने बाजूला घेऊन सांगितलं: बाबांच्या पायाचा अंगठा सुजलाय, घोड्यावर बसवत नाही, झुंज सोडली तर नाक कापलं जाईल. त्यांचं चिलखत गावात तुम्हालाच बसेल; ते घालून, तोंड झाकून, त्यांच्या नावाने तुम्ही उतरा. आणि मरेपर्यंत कुणाला सांगू नका.
जिलेत्ताला सांगितलं. ती ‘कुणी’त मोडत नाही. म्हणाली, काय हवंय ते आधी विचारायचं तरी.

१ जून
डोक्यात प्रकाश पडला. मॅनफ्रेदोच्या नावाने उतरायचं आणि मॅनफ्रेदोच्या नावाने पडायचं. शब्दही राहील, सूडही उगवेल. पडण्यात माझा हात कोण धरणार.

२ जून, पेंटेकॉस्ट
पडलो नाही.
चिलखत चढवल्यावर जिलेत्ताने काळजीपोटी मला खोगिराला पट्ट्यांनी आवळून बांधलं. म्हणाली, या वयात हाडं जुळत नाहीत. पहिल्याने भाला मारला, मी हललो नाही, उलट तोच खाली गेला. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचा घोडा बिथरून पळाला. मी पट्टे सोडवायला धडपडत होतो, लोकांना वाटलं आवेश. सगळं मैदान ओरडत होतं, मॅनफ्रेदो, मॅनफ्रेदो. भाटाने तिथल्या तिथे त्याच्यावर कवन रचलं. गोलमेजावर याची जागा राखून ठेवलीय म्हणे.
मेजवानीला मॅनफ्रेदो गळ्यात हार घालून लंगडत आला. झुंजीतली जखम, असं सांगत होता. त्याला सगळं ठाऊक. तरी सगळ्यांदेखत मला विचारलं, काय उबेर्तो, आज मैदानात दिसला नाहीस?
शब्द दिलेला.
म्हणालो, पोट बिघडलं होतं.