हार्लनचा हलका चाप

मी, वेंडेल एरिक स्टेनस्रूड, वय एकोणऐंशी, राहणार ऑटर फोर्ड, आयोवा, डोकं ठिकाणावर असताना आणि मानगुटीवर कोणी बसलेलं नसताना माझ्या मालमत्तेची ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मेव्हण्याच्या सल्ल्याने केलं होतं, यातच सगळं आलं.

राहतं घर, मागची शेड आणि पिकअप गाडी माझी मुलगी नेडीन हिला द्यावी. घर विकायचं तर तिने खुशाल विकावं, मी काही भुतासारखा तिथे घुटमळणार नाही. मेव्हणा डेल्मर याने माझी शिडी नेलेली आहे. तोच त्याचा वाटा.

माझ्या कपाटातलं रिव्हॉल्व्हर मूळचं शेजारी हार्लन फॉइट याचं. ते कोणीही ठेवून घेऊ नये आणि दुरुस्तही करू नये. नेडीनने ते पोलिसांकडे देऊन मोडीत काढावं. कारण असं:

हार्लनला घरच्या घरी रिव्हॉल्व्हरचा चाप हलका करण्याचं भारी वेड. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून आतले भाग घासत बसायचा, स्प्रिंगा बदलायचा, मग चापाला मासे तोलायचा काटा अडकवून तो किती कमी वजनाला ओढला जातो, तो आकडा मला दाखवायचा. शेवटी त्याने स्प्रिंग इतकी नरम केली की आमच्या नेमबाजी क्लबच्या सामन्यात घोडा हळूच आपटून नुसता टक् करायचा आणि गोळी उडायचीच नाही. लोक पोट धरून हसायचे, आणि मी सगळ्यांत जास्त.

मग त्याच्या शेडमधून गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं, आणि त्याने रिव्हॉल्व्हर भरून घरात ठेवलं. ऑगस्ट महिना होता. आमच्याकडे तेव्हा झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी भाजी, इतकी पिकते की ती शेजाऱ्याच्या नकळत त्याच्या घरात टाकून पळावं लागतं. मी भरदुपारी कवेत झुकिन्या घेऊन, पाय न वाजवता, त्याच्या मागच्या दाराने आत शिरलो. हार्लनला कमी ऐकू येतं. त्याला दारात फक्त सावली दिसली. त्याने रिव्हॉल्व्हर उचललं आणि वळून चाप ओढला. टक्.

मी तिथेच फरशीवर बसलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. जीव वाचल्यावर माणूस दुसरं काय करणार? हार्लन मात्र पांढराफटक पडला. रिव्हॉल्व्हर रिकामं करून माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "हे घेऊन जा. आणि पुन्हा येऊ नकोस." त्यानंतर तो कुंपणाच्या अलीकडे आला नाही. मी दार ठोठावलं, तर उघडलं नाही. सामन्यांनाही त्याने रामराम ठोकला. मला त्याची फार आठवण येते, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

माझी नेमबाजीची हत्यारं मी त्यालाच देणार होतो. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. हत्यारं दिली असती, तर तो मी मेल्यावर आला असता. मला तो जिवंतपणी हवा आहे. सबब हत्यारं क्लबला द्यावीत, हार्लनला फुटकी कवडीही देऊ नये, आणि साक्षीला त्यालाच बोलवावं.

पुरवणी, सह्यांपूर्वी, मी सांगितली तशी वकीलबाईंच्या हाताने: हार्लन आला. वरचं सगळं त्याने वाचलं, मधला भाग पुन्हा वाचला. मग म्हणाला, "लेका, मी तुला मारलं असतं."

मी म्हटलं, "मारलं असतंस, पण काम इतकं वाईट केलं होतंस की जमलं नाही. देव तुझं भलं करो. बस आता."

तो बसला. माझा जीव भांड्यात पडला. आता खुशाल मरेन, पण घाई नाही.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, ऑटर फोर्ड
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९

सही: वेंडेल एरिक स्टेनस्रूड

साक्षीदार: रॉबर्टा किनी, वकीलबाईंच्या कचेरीतील कारकून

साक्षीदार: हार्लन फॉइट. मृत्युपत्र करणारा माझ्यासमोर जिवंत बसलेला आहे. मी हात लावून खात्री केली.