तिनं पसंत केलं कुणाला

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आता कुठं मी तुझ्याशी भांडायला बसलो आहे.

वलवणला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो ते तुझ्याच हट्टानं, ऐन भाताच्या आवणीत. "पाटावर बसली की सगळ्याच गुणाच्या. पोरगी चिखलात बघावी," असं तुझं म्हणणं. माझ्या अंगात धाकट्या भावाचा रेल्वेचा कोट होता, पितळी बटणांचा. तो लोणावळ्याला इंजिनाच्या शेडमध्ये नोकरीला, मी गावी आंबीत नांगरामागे. पोरी पगार बघतात एवढं मला कळत होतं. तिथं पोचल्यावर तू तिच्या बापाला आधी तेच सांगितलंस, "कोट धाकल्याचा हाय. ह्यो शेती करतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू लुगडं खोचून खाचरात उतरतेस, मी बांधावर उभा. ती एकदाच मान वर करते, आपल्या दोघांच्या बाजूला बघते आणि पुन्हा रोपं लावू लागते.

लग्न झालं, पण माझ्या डोक्यातला किडा काही गेला नाही. हिचा जीव त्या कोटावरच असणार. धाकटा सुट्टीला गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी घेऊन आला आणि ती त्याच्याशी हसून बोलली, की मला घास गिळवत नसे. त्याच्या ताटात तूप किती पडलं ते मी चोरून बघायचो. तुला ते दिसायचं. "सोबावाला औषद न्हाई बाबा," असं एकदा चुलीपुढं मला सुनावलंस, तेही तिच्यादेखत.

परवा तिला विचारलंच. केस पिकले, पोरं हाताशी आली, तरी विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमाला कुटं बघितलं मी? मी आत्याबाईंना बघितलं."

त्या दिवशी खाचरात वाडीवरची एक पोटुशी बाई कामाला होती म्हणे. तू तिच्या हातातली रोपं काढून घेतलीस, तिला बांधावर बसवलंस आणि तिच्या वाट्याची पात स्वतः लावलीस. माझ्या शेजारीच ती येऊन बसली असेल. मला काही आठवत नाही, मी बटणं झाकत होतो. ती पुढं म्हणाली, "बा म्हनला, रेल्वेवाला न्हाई तर कशाला? मी म्हनलं, हितंच द्या. परक्या बाईला जी असं बसवती, तिच्या घरात माजी बाळंतपणं सुखाची व्हतील. नवऱ्यांचं काय, सगळे सारकेच."

म्हणजे इतकी वर्षं धाकट्यावर मी फुकट जळलो. जळायला हवं होतं तुझ्यावर, आणि आता जळतो आहे. तुझं नाव निघालं की तिचा आवाज मऊ होतो. माझ्यासाठी तसा झालेला मी ऐकलेला नाही.

आत्ताच तिनं विचारलं, "कुनाला लिवताय?" धाकट्याला, म्हणून मी खोटं सांगितलं. तुझं नाव घेतलं असतं तर ती शेजारी बसून आपल्याही चार ओळी सांगत राहिली असती, आणि त्या मला माझ्या हातानं लिहाव्या लागल्या असत्या.