साय नसलेलं पिंप

प्रिय मार्जोलेन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र सरळ शेगडीत टाकशील, अशी धास्ती आहे. टाकायचंच असेल तर वाचून टाक, एवढी या म्हाताऱ्या सासऱ्यावर मेहरबानी कर.

तुझं ते पिंप गेल्या मंगळवारी उघडलं. हो, तेच. पिवळ्या वाइनच्या पिंपाला सहा वर्षं तीन महिने हात लावायचा नाही, वाइन कितीही आटली तरी वरून भर घालायची नाही, वर जी बुरशीची साय धरते ती जिवापाड जपायची, हा आमच्या ज्युरा भागाचा नेम. आणि तुझ्या माहेरी, बर्गंडीत, पिंप काठोकाठ भरलेलं नसलं तर घरची माणसं आळशी! चार वर्षांपूर्वी तू भल्या मनाने ते भरलंस. मी गाव गोळा होईल एवढा ओरडलो. ‘हिने घर बुडवलं’ म्हणालो. माझ्या लेकाने, गास्पारने, त्याच संध्याकाळी तुला घेऊन गाडी काढली, ती गाडी पुन्हा या दारात आली नाही.

वाटलं होतं, आत व्हिनेगर निघेल. पण कसली गं वेगळीच वाइन! आमच्यासारखा अक्रोडाचा वास नाही. सफरचंदाच्या फुलांचा, आणि शेवटी जिभेवर जरासं मीठ. मग मला नादच लागला. हिच्या जोडीला ताटात काय वाढायचं? जुनं कोंते चीज दिलं, तर त्याने हिला गिळूनच टाकलं. क्रीममधली कोंबडी केली, रानातली अळंबी घालून. तीही जड. शेजारचा लेओंस रोज वास काढत येतो नि म्हणतो, फिर्मेन, सत्तरीत वधूवर सूचक मंडळ काढलंस होय रे? पण मेल्याला प्रत्येक ताट चाटूनपुसून लागतं.

परवा काड्यापेटी शोधताना खणात तुझ्या अक्षरातला कागद सापडला. तुझ्या आईच्या पोशूजची, नदीच्या माशांच्या रश्श्याची, कृती. लसूण, पांढरी वाइन, वरून क्रीम. करून पाहिली. वाम सोलताना बोट कापलं, रस्सा खारट झाला, तरी वर तुझ्या वाइनचा एक घोट घेतला आणि लगेच दुसरा. जमलं गं पोरी! लेओंसने तर ताट पुन्हा पुढे केलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते. तू पिंप भरलंस शनिवारी. त्याआधी बुधवारी, नव्या पिंपाला जागा हवी म्हणून, मी पहार लावून ते वीतभर सरकवलं होतं. असं पिंप हलवू नये, हे माझ्या बापाने मला पोरवयात शिकवलं होतं. भोकातून पाहिलं तर साय फाटून तळाला गेलेली. मी कुणाला बोललो नाही. सायीचं तुला मीच सांगितलं होतं. ती दिसली असती तर तू हात लावला नसतास. साय नाही, वर पिंप रितं, म्हणून तू भरलंस. आणि मी माझी चूक तुझ्या माथी मारून चार वर्षं गप्प बसलो. मला लाज वाटते, मार्जोलेन. हे आधी गास्पारला वाचून दाखव. त्यानंतरही यावंसं वाटलं, तर रविवारी दुपारी मासे आणून ठेवतो. साफ मी करीन, मीठ तू घाल.

तुझाच, चुकलेला,
फिर्मेन