पाचला आधी कोण निघणार?

तीर्थरूप मिसाओताई,

धाकट्या शोजिरोचा गुडघे टेकून नमस्कार. (टेकले खरे, पण उठताना टेबलाचा पाय धरावा लागला. तेव्हा नमस्कार थोडा लांबला असं समज.)

इकडे बेटावरच्या संत्र्यांच्या बागा पिवळ्या झाल्या आहेत आणि बंदरावरचा वारा कान कापतो आहे. तुझा पाय कसा आहे? तुझ्या भावजयीच्या, सावाकोच्या वर्षश्राद्धाला आलीस तेव्हा देवळाच्या पायऱ्या उतरताना तुला त्रास होत होता, ते मी पाहिलं होतं. पण चारचौघांत विचारलं असतं तर तू माझ्यावरच डाफरली असतीस, म्हणून आता पत्रातून विचारतो. मी ठीक आहे. भूक लागते, झोप येते, डॉक्टर माझ्यावर खूश आहेत. घर तू पाहून गेलीस तसंच आहे, म्हणजे रिकामं. त्याविषयी या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे.

लिहायचं आहे ते कारखान्याविषयी. तुझी भाची चिनामी मालकीण झाल्यापासून (मी आता नुसता सल्लागार. सल्ला कोणी विचारत नाही, पण खुर्ची तीच आहे) तिनं एक ध्यास घेतला आहे. तोक्योची एक संस्था ‘भली कंपनी’ असा शिक्का देते म्हणे. माती, पाणी आणि माणसं यांतल्या कशाचंच वाईट न करता जो धंदा करेल त्याला. तो शिक्का मिळाला तर शहरातल्या मोठ्या दुकानांत आपला सोया सॉस टिकेल, नाहीतर फळीवरून उतरेल, असं ती म्हणते. तिचं हे मालकीण म्हणून पहिलंच काम, म्हणून मी विरोध केला नाही. भलेपणाचा दाखला मागायला जाणं मला जरा निर्लज्जपणाचं वाटतं, एवढं मात्र जेवताना दोनतीनदा बोललो.

तपासायला उएहारा नावाचा तरुण आला. चेहरा असा गंभीर, की कारखान्यात कोणी वारलं आहे असं वाटावं. आजोबांच्या वेळची देवदाराची पिंपं बघून त्यानं मान डोलावली. रिकाम्या बाटल्या गिऱ्हाइकांकडून परत येतात आणि धुऊन पुन्हा भरल्या जातात, त्यावर मान डोलावली. सोयाबीनचा चोथा गोठेवाल्याकडे जातो, त्यावर तर जवळजवळ हसला. हे सगळं आपण निसर्गासाठी करतो हे मला त्याच्याकडूनच कळलं. आपले बाबा ते निव्वळ चिक्कूपणानं करायचे, तुला ठाऊकच आहे. पण त्याला तसं सांगितलं नाही.

घोटाळा संध्याकाळी झाला. हा प्राणी बोटीवर न चढता समोरच्या नूडलवाल्याकडे जाऊन बसला आणि सात वाजेपर्यंत आपल्या खिडक्यांकडे बघत राहिला. सगळे दिवे चालू! पाचला सुटणारा कारखाना सातला भरलेला! तो आत आला तर कोणाच्याच हातात काम नव्हतं. हिशेबनीस पेन्सिलींना टोकं करत होता. हिराओका (आपला मुकादम, बाबांनी ठेवलेला) एकच पळी पुनःपुन्हा पुसत होता.

“काका, घरी का जात नाही?” उएहारानं विचारलं.

“मोठे मालक बसलेत ना अजून,” हिराओका म्हणाला. “त्यांच्यादेखत उठायचं? काहीतरीच काय!”

मग तो माझ्याकडे आला. मी सांगितलं ते खरं तेच सांगितलं. माणसं राबत बसलेली असताना मालकानं टोपी घालून चालतं व्हायचं, ही काय रीत झाली? त्यानं काहीतरी लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होता.

झालं. बाकी सगळ्यात उत्तीर्ण, माणसांच्या बाबतीत नापास. महिनाभराची मुदत मिळाली. चिनामीनं पाचला घंटा बसवली. घंटा झाली की सगळे माना वर करून माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे. मग तिनं पाचला दिवे बंद करवले. आम्ही अंधारात बसलो. डोळ्यांना बरं वाटतं, असं हिराओका म्हणाला आणि सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला. शेवटी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “बाबा, आधी तुम्ही निघा. हात जोडते.”

निघालो. सगळे उभे राहून वाकले, मीही वाकलो. वळणापर्यंत गेलो. तिथून आपलं घर दिसतं, ताई. दिवा नसलेलं. (यावर लिहायचं नाही हे लक्षात आहे.) मी मागच्या बोळानं परत आलो, पिंपांच्या खोलीत शिरलो आणि कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपामागे उलटी बादली घालून बसलो. सोया सॉस आंबताना बारीक बुडबुडे फुटत असतात. जाणत्या माणसाला ते कान देऊन ऐकावे लागतात. त्याला पर्याय नाही.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण पिंपांच्या खोलीत बाहेरचे बूट चालत नाहीत. ते मी मागच्या दाराशी काढले आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून जोडीनं नीट ठेवले. चोरून शिरायचं म्हणून काय बूट फेकून द्यायचे? आपल्या आईनं तसं शिकवलं नाही. हिराओका कडी लावायला आला, त्यानं बूट पाहिले आणि जाऊन आपल्या जागेवर बसला. तो बसला म्हणून हिशेबनीस बसला, मग सगळेच बसले. मला ओशाळं वाटू नये म्हणून कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि ही मंडळी गेली की मग आपण निघू, म्हणून मी पिंपामागे बसून राहिलो. हे रोज चाललं होतं. आधी आम्ही निदान उजेडात बसत होतो.

उएहारा न कळवता पुन्हा आला. मिट्ट अंधारात ओळीनं बसलेले लोक त्यानं पाहिले. विचारलं तर सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. हिराओका तेवढा छताकडे बघत होता. मग त्याला बूट दिसले. पिंपामागे येऊन तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि फार हळू आवाजात म्हणाला, “आजोबा, इथं काय करताय?” मी त्याला बुडबुड्यांचं शास्त्र सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पोरगा वाईट नाही.

तो गेल्यावर चिनामी बोळात माझ्याशी भांडली.

“पिंपांचं कौतुक मला नका सांगू. माझ्याकडे जेवायला या म्हटलं की पाय दुखतात, आणि इथं बादलीवर बसता?”

(तिच्या सासूबाई प्रेमळ आहेत. पण मी गेलो की दर वेळी पाहुण्यांच्या वाट्या काढतात.)

“माझं वय झालंय. मी कुठंही बसेन.”

“तुम्ही बसा हो! हिराओका काकांची बायको जेवण गरम करकरून वाट बघत बसते, तिचं काय? शिक्का गेला खड्ड्यात. तुमच्या घरी कोणी वाट बघत नाही, म्हणून त्यांच्या घरच्यांनी ताटकळायचं?”

एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली. तिचीही आई गेली आहे, हे माझ्या ध्यानात राहत नाही. मला फार लाज वाटली, ताई.

असो. थंडीत जप. भाच्याला आणि सूनबाईंना माझे आशीर्वाद.

तुझा धाकटा,
शोजिरो

ता. क. – बुडबुड्यांविषयी वर लिहिलं आहे ते खोटं आहे. पिंपांना कोणी लागत नाही. ती आपली आपण आंबतात.

ता. क. – या आठवड्यापासून मी पाचला निघतो. पहिल्या दिवशी दारात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, “तुमच्याआधी निघतो, माफी असावी.” आधी निघणारे मागे राहणाऱ्यांना म्हणतात ते हे वाक्य जन्मभर ऐकत आलो, म्हणायची वेळ कधी आली नव्हती. हिराओकाच्या हातून पळी पडली. वळणावरून मागे पाहिलं, तर दिवे मालवले होते आणि माणसं सायकली काढत होती. शिक्क्याचं अजून काही कळलेलं नाही.

ता. क. – आता मुख्य काम. भावोजी गेल्यापासून तू एकटीपुरतं रांधतेस, म्हणून तुलाच विचारतो. एका माणसाच्या मिसो सूपला पाणी किती घालायचं? मी कितीही बेतानं घातलं तरी दोन वाट्या होतात. दुसरी सावाकोच्या फोटोपुढे ठेवतो आणि निवली की तीही मीच पितो. पत्रानं कळवू नकोस, पत्राला फार दिवस लागतात. साडेपाचला फोन कर. आणि एकदा सांगून माझ्या लक्षात राहणार नाही, तेव्हा रोज कर. मी घरीच असतो.