शेषरावच्या भिंगाला तीट

अमरावती,
ता. १२ नोव्हेंबर १९६७

अकोल्याच्या शालिकराम जावईबापूंना साळा भगवंतराव याचा अमरावतीहून नमस्कार. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरत नसेल, आमच्या जमुनाचा खोकला गेला असेल आणि चष्म्याचं दुकान जोरात असेल, असं धरून चालतो. इकडे सर्व खुशाल. फक्त एक काच फुटली.

तुमचं कार्ड मिळालं. शेषरावची कॉलेजातली नोकरी कायम होत नसेल तर पोरानं सरळ दुकानात येऊन बसावं, हे बाप म्हणून तुमचं म्हणणं रास्तच. (मॅट्रिकपासून भाचा आमच्याकडे आहे, तो गेला की मी आणि गोदाबाई एकमेकांची तोंडं पाहत बसणार. पण आमचं सोडा.) नोकरीचाच निकाल लावायला नागपूरचे एक साहेब गुरुवारी त्याचा लेसर पाहायला आले. लेसर म्हणजे माणकाची एक कांडी. तिच्यावर विजेचा लखलखाट पाडला की लाल प्रकाशाची जणू सुई निघते, आणि ती भिंगातून नेऊन शेषराव दाढीच्या पात्याला भोक पाडणार होता. मला पटेना. आमच्या तिसरीच्या पुस्तकातल्या कवितेत प्रकाश कमळं उघडायचा, पाखरं जागी करायचा. (शाळेच्या कडुनिंबाखाली पोरं एका सुरात ती कविता म्हणत तेव्हा रस्त्यावरचे टांगेवाले घोडे थांबवत. हा विषय काढला तर कागद पुरायचा नाही.)

आदल्या दिवशी त्यानं ते भिंग घरी आणलं, स्पिरिटनं पुसलं आणि रेशमी चिंधीत गुंडाळून देवळीत ठेवलं. इतकी देखणी काच पाहून गोदाबाईला राहवेना. पाहुण्याची नजर लागेल म्हणून तिनं कडेला (कडेला कसली, जवळजवळ मधोमध) काजळाची तीट लावली. (तुमच्या लग्नात तुमच्या कानामागेही तिनंच लावली होती. तेव्हा काही तडकलं नाही.) गुरुवारी कॉलेजात शेषरावनं घाईत न पाहताच भिंग बसवलं. लखलखाट झाला, फट्ट आवाज आला. पातं शाबूत, भिंग उभं चिरलेलं.

घरी येऊन पोरगा म्हणाला, "मामी, हे काय करून ठेवलं तुमी?"

"तुह्यासाठीच केलं न बाप्पा! अन् ज्या उजेडाले बोटभर काजळ सोसत नाही, त्याची कायची मर्दुमकी?"

मग त्यानं मला समजावलं. हा प्रकाश इतका दाटून येतो की निर्मळ काचेतून निघून जातो. पण वाटेत काजळ, धूळ, नुसता बोटाचा तेलकट ठसा भेटला तरी तिथंच मुक्काम ठोकतो. ती जागा क्षणात तापते आणि काच फुटते. फार दाटला तर स्वच्छ काचेलाही जुमानत नाही. नागपूरच्या साहेबांना ती तीट पाहून इतकं हसू आलं की म्हणाले, प्रकाश वाढवायला सगळेच धावतात, काच किती सोसते ते कोणी तरी पाहा. कायम करणं लांबलं, पण हेच तपासायला शेषरावला वर्षभराची मुदत मिळाली. तेवढं वर्ष त्याला आमच्याकडे राहू द्यावं, ही विनंती.

तुमचा,
भगवंतराव

ता. क. गोदाबाई म्हणते, पोराले इथं खायचे हाल नाहीत.

ता. क. दुसरा. खरं सांगतो. तुमचं कार्ड त्याला दाखवलं तर पोरगा एका पायावर तयार! म्हणतो, बाबांच्या दुकानात हरतऱ्हेची काच आहे, कॉलेज एवढी कुठून देणार? एकेक घेऊन कोणती केव्हा फुटते ते पाहीन. यंत्र अकोल्याला न्यायचा अर्जही लिहिला. तेव्हा कृपा करून ताबडतोब तार करा, 'येऊ नको'. मी ती शक्य तितक्या दुःखी चेहऱ्यानं त्याला वाचून दाखवीन.